हुंबा कसा दिसतो

शमी आठ वर्षांची व्हायला तीन महिने आणि नऊ दिवस उरले असताना इम्तियाजचा फोन आला. डॉ. इम्तियाज मुजावर मेंदूवर संशोधन करतो, पुण्यातल्या एका संस्थेत असतो, आणि एरवी बोलायला लागला की त्याला आवरावं लागतं. त्या दिवशी तो मोजून तीन वाक्यं बोलला.

"हेमाताई, शमीचा चष्मा आजच्या आज काढा. तिला घेऊन माझ्याकडे या. आठ पूर्ण व्हायच्या आत काही झालं तर झालं."

"आणि नाही झालं तर?"

त्याने फोन ठेवून दिला.

शमी म्हणजे शाल्मली, माझी नात, केतकीची मुलगी. तिच्या डोळ्यांवर तो चष्मा चढला त्याला कारण मी. हे काही मी नम्रपणा म्हणून सांगत नाही. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बाईला मोठा गुन्हा करायची संधी सहसा मिळत नाही. मला मिळाली, आणि मी ती शाल-श्रीफळ घेऊन साधली.

मी हेमलता मगदूम, सांगलीची. तुम्ही चाळिशीच्या आतबाहेर असाल तर लहानपणी 'पाताळपेठ' मालिकेतलं एखादं पुस्तक तुमच्या हाती पडलं असेल. जमिनीखाली भरणारा बाजार, तिथे सावल्या मापाने विकणारा वाणी, दुसऱ्याची स्वप्नं उसवून देणारा शिंपी, असली चौदा पुस्तकं मी लिहिली. त्या बाजाराचा राखणदार म्हणजे हुंबा. हुंबा येण्याआधी भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. तो चालला की परातीत वाळू ओतल्यासारखा आवाज होतो. त्याला बघून माणसं आधी पळतात आणि वळणावर पोचली की हसायला लागतात. बस्स. तो दिसतो कसा, हे चौदा पुस्तकांत मी एकदाही लिहिलेलं नाही.

लोकांना ही माझी प्रतिभा वाटते. खरं म्हणजे पहिल्या पुस्तकाच्या वेळी आमचा चित्रकार दत्ता सुतार मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून हुबळीला गेला आणि तिकडेच रमला. इकडे छापखान्यात पानं लावून तयार, आणि एकतिसाव्या पानावर हुंब्यासाठी ठेवलेली चौकट रिकामी. मालक माझ्या नावाने शंख करायला लागले तेव्हा मी चौकटीखाली एक ओळ घातली : 'हुंबा इथे उभा आहे. तुम्हाला दिसला तसा काढा आणि हेमाताईला पाठवा.' खाली घरचा पत्ता. वेळ मारून नेली, एवढंच.

महिन्याभरात आमचा पोस्टमन वैतागला. तासगाव, विटा, बेळगाव, परभणी, कुठून कुठून हुंबे येऊ लागले. कुणाचा तीन गुडघ्यांचा, कुणाचा डोक्यावर तुळस असलेला, कुणाचा शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट घातलेला. जतच्या एका मुलीने सगळी चौकट काळी करून पाठवली आणि खाली लिहिलं, 'लाइट गेली होती.' मी प्रत्येकाला पोस्टकार्डावर उत्तर द्यायची, आणि उत्तरात एक प्रश्न असायचाच : 'तुझ्या हुंब्याला तीन गुडघे, मग तो जिना कसा उतरतो?' त्याचंही उत्तर यायचं. सगळी चित्रं मी पत्र्याच्या ट्रंकांत ठेवली, मागे मुलाचं वय, गाव आणि तारीख घालून. अकरा हजारांच्या वर चित्रं, आणि दोन हुंबे एकसारखे नाहीत. मला विचाराल तर ते माझं खरं पुस्तक.

मग पत्रं आटली. मुलं वाचेनाशी झाली, हे सांगायला मी नको. शेवटच्या वर्षी तीन चित्रं आली. त्यातली दोन आयांनी काढलेली होती, ते मला रेघेवरून कळतं.

नेमका त्या वर्षी इम्तियाज आमच्या दारात उभा राहिला. शमी तेव्हा रांगत होती. तो एका कंपनीसाठी काम करत होता आणि त्याला माझ्या ट्रंका हव्या होत्या. मी त्याला 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणत चहा दिला. कप खाली ठेवत तो म्हणाला, "ताई, मला अरे म्हणा. त्या ट्रंकेत माझाही एक हुंबा आहे, मिरजेहून पाठवलेला." मग काय, मी पाघळलेच.

त्याने समजावून सांगितलं ते असं. मूल 'डोंगर' हा शब्द ऐकतं तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात हालचाल होते. डोळ्यांनी पाहिलेलं जिथे उमटतं, बरोबर तिथेच. पण चित्र लगेच उभं राहत नाही, त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मेंदू आठवणीतले तुकडे गोळा करतो, गावाकडची टेकडी, कॅलेंडरवरचा बर्फ, आईच्या साडीचा निळा रंग, आणि त्यांचा डोंगर रचतो. ही गोळाबेरीज चालू असताना विजेचे बारीक तरंग उठतात. इम्तियाजच्या लोकांनी ते कवटीबाहेरून वाचायची युक्ती काढली होती. एक चष्मा, आणि त्याला मागे पट्टी. पट्टी तरंग वाचणार आणि मुलाच्या मनात येऊ घातलेलं चित्र काचेवर दाखवणार.

"पण तरंग धुरकट असतात, ताई. अर्ध्याहून जास्त अंदाजाने भरावं लागतं. कुठल्या वयाचं मूल कुठले शब्द ऐकून काय रचतं, हे हजारो मुलांचं बघितल्याशिवाय यंत्राला अंदाज येत नाही."

"मग चित्रांना काय तोटा आहे? ढीगभर पडलीत की."

"ती दुसऱ्याची चित्रं बघून काढलेली. आधी काहीही न बघता, नुसत्या शब्दांवरून मुलांनी काढलेली अकरा हजार चित्रं जगात एकाच ठिकाणी आहेत. तुमच्या माळ्यावर."

असं कुणी बोललं की लेखकाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी एकच प्रश्न विचारला, "याने मुलं परत गोष्टी ऐकतील?"

"एकही मूल कंटाळणार नाही," तो म्हणाला.

मी ट्रंका दिल्या. मला वाटलं, चित्र मुलाच्याच मनातलं आहे, यंत्र ते फक्त बाहेर आणणार, त्यात कुणाचं काय जातं? चाळीस वर्षं मुलांसाठी लिहूनही तो अर्धा सेकंद माझ्या हिशेबात नव्हता. आम्हा लेखकांना शब्द दिसतो आणि शेवटी उमटलेलं चित्र दिसतं. मधली मुलाची धडपड आम्ही फुकटात धरून चालतो.

चष्म्याचं नाव ठेवलं 'चांदणी'. दोन वर्षांत तो घरोघर गेला. कंपनीने ट्रंका परत केल्या, त्या मी पुन्हा माळ्यावर न चढवता मधल्या खोलीत ठेवल्या, आणि पहिल्या चष्म्यांच्या डबीवर कंपनीने माझं नाव छापलं. शमीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मीच तिला तो दिला. ती माझ्या मांडीवर बसली, मी गोणपाटाच्या वासापर्यंत आले, आणि पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "आज्जी, माझा! माझाच हुंबा!" त्या दिवसाइतकी मी कधीही खूश झालेली नाही. माझी पुस्तकं पुन्हा छापली गेली, शाळांनी धडेसुद्धा चांदणीवर आणले, आणि मी जिथे तिथे पाहुणी म्हणून मिरवले.

मला पहिली शंका आली ती गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, सांगलीच्या एका वाचनालयात. बावीस मुलं गोष्ट ऐकायला बसली होती आणि ऐन वेळी कंपनीची यंत्रणा बंद पडली. आयोजक घामाघूम. मला मात्र हुरूप आला. म्हटलं, काढा रे ते चष्मे, आज हेमाताईची जुनी पद्धत. गोष्ट मी जीव ओतून सांगितली. गोणपाट झालं, वाळू झाली, आणि मी विचारलं, "आता सांगा, हुंबा कसा दिसतो?"

कुणी बोललं नाही. मुलं लाजली की गप्प बसतात, पण त्यांचे डोळे चुळबुळतात. ही मुलं समोरच्या भिंतीकडे शांतपणे बघत होती.

"अजून आला नाही," एक मुलगी म्हणाली.

"लोड होतोय," मागून एकाने तिला समजावलं.

त्यांची काही तक्रार नव्हती. बस येईपर्यंत थांब्यावर उभं राहावं तशी ती बसली होती. मी गोष्ट पुढे रेटली आणि घरी येऊन इम्तियाजला फोन केला. तो तोवर कंपनी सोडून संस्थेत गेला होता. तो म्हणाला, मी मोजून बघतो. त्यानंतर वर्षभराने आला तो तीन वाक्यांचा फोन.

संस्थेतल्या खोलीत शमी खुर्चीवर बसली होती. डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर काही नाही. मी तिला गोष्ट वाचून दाखवत होते आणि इम्तियाज पडद्याकडे बघत होता. पडद्यावर दोन रेघा. एक चांदणी येण्याच्या आधी मोजलेल्या, तिच्याच वयाच्या एका मुलाची. ती शब्दाशब्दाला उसळत होती. दुसरी शमीची. शब्द आला की ती जराशी थरथरायची आणि खाली बसायची.

"ती सुरुवात करते आणि थांबते," इम्तियाज म्हणाला. "चष्मा पाव सेकंदात चित्र दाखवतो. तिचं स्वतःचं अर्ध्या सेकंदाने तयार होणार. रोज, दर शब्दाला, हिचं चित्र पंगत उठल्यावर येतं. मेंदू कंजूष असतो, ताई. ज्याची गरज नाही ते तो करत बसत नाही."

"मग आता चष्मा काढला की करेल."

त्यावर त्याने मला मांजराच्या पिल्लांची हकिगत सांगितली. फार जुना प्रयोग आहे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवायचा आणि मग उघडायचा. डोळा ठणठणीत असतो, पण त्या डोळ्याने पिल्लाला जन्मभर दिसत नाही. पाहणं डोळा शिकत नाही, मेंदू शिकतो, आणि त्याचं दार काही काळच उघडं असतं.

"मिटल्या डोळ्यांनी बघण्याचंही तसंच आहे, असं आता दिसतंय. माझ्याकडे शंभर मुलं आहेत. ज्यांचा चष्मा वेळेत सुटला त्यांतल्या काहींची रेघ परत वर आली. आठव्या वर्षानंतर एकाचीही नाही."

"पण अशी माणसं असतातच की," मी म्हटलं. मला कुठलीतरी काडी धरायची होती. "जन्मापासून ज्यांना मनात चित्रं दिसत नाहीत. मी वाचलंय."

"असतात, आणि झकास जगतात. त्यांचा मेंदू पहिल्यापासून दुसऱ्या वाटेने चालायला शिकलेला असतो. या पोरांना आपण आधी एका वाटेवर नेलं आणि मग ती वाट बुजवली." 'आपण' हा शब्द त्याने जपून उच्चारला.

"मग बोंब मार की! पेपरात लिही!"

"लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं, की मोठेपणी वापरायची चांदणी लवकरच येते आहे, आणि नंबर लागलेल्या माणसाला आपण चष्मा काढ म्हणतो का?"

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे झोपाही कुणी करेना.

केतकीचं घर बाणेरला. ती कणीक मळत होती, मी ओट्याला टेकून उभी होते. मी म्हटलं, तीन महिने शमीला सांगलीला पाठव, चष्म्याशिवाय.

"आई, तिची शाळा आहे. भूमिती, इतिहास, सगळं चांदणीवर असतं. ती मागे पडेल."

"पडू दे."

"तुला म्हणायला काय जातंय? आणि बिघडलंय काय तिचं? हसते, खेळते, हुशार आहे. मनात चित्र नाही दिसलं तर नाही दिसलं. त्यावाचून काय अडतं?"

हुंब्यासाठी एका मुलीची शाळा बुडवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

केतकीने परात बाजूला सारली. "आणि खरं सांगू? पहिला चष्मा तू दिलास. डबीवर तुझं नाव होतं. मी सगळ्या सोसायटीला दाखवलं होतं ते." तिला रडू येत होतं, पण कणकेच्या हातांनी तिला डोळे पुसता येईनात. मी पुसले. "तीन महिने," ती म्हणाली. "वाढदिवस झाला की ती शाळेत जाणार, आणि मग हा विषय बंद."

सांगलीत पहिले आठ दिवस शमी घरात पाहुण्यासारखी वावरली. गोष्टीला बसली की थोड्या वेळाने म्हणायची, "आज्जी, चालू कर ना."

"अगं, चालूच आहे की."

"कुठे?"

मी हरतऱ्हेचे उपाय केले. डोळे बांधून पिशवीतल्या वस्तू चाचपायला लावल्या. वास ओळखायला लावले. एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, मग अर्धीच सांगून सोडली. एक दिवस तिच्यापुढे वांगं ठेवलं आणि म्हटलं, काढ. तिचा हात चांगला आहे. देठावरचे काटेसुद्धा तिने बरोबर काढले. मी वांगं उचलून पाठीमागे धरलं. पेन्सिल थांबली.

"काढ की पुढे."

"गेलं ना."

"काय गेलं?"

"वांगं," ती म्हणाली आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं. म्हातारी असलं काय विचारते, असं तिला वाटलं असावं.

महिना गेला, दीड गेला. इम्तियाज दर रविवारी फोन करायचा आणि मी काहीतरी गोलमाल सांगायची. एका दुपारी मला ते सहन होईना. शमी बाहेर झोपली आहे असं समजून मी ओट्यापाशी उभी राहून रडले. अकरा हजार मुलांनी मला आपल्या मनातलं दिलं, आणि मी ते त्यांच्याच पोरांचे डोळे झाकायला वापरलं, हे त्या दिवशी मला पुरतं कळलं. नळ सोडून ठेवला होता, म्हणजे आवाज जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी गोष्ट ऐकता ऐकता शमी म्हणाली, "आज्जी, दिसला."

माझ्या हातातलं पुस्तक पडलं. "कसा आहे?"

"कानांच्या जागी करंज्या आहेत. तीन. एक डावीकडे, दोन उजवीकडे. पोटावर कुलूप आहे. आणि पायात एकच चप्पल."

मी तिचे इतके मुके घेतले की तिने मला ढकललं. परवा वेगळा हुंबा, तेरवा आणखी वेगळा. जिभेऐवजी लोकरीचा गुंडा असलेला, पाठीवर घराचा जिना असलेला, पावसाला भिणारा. रोज एक. केतकीला मी व्हिडिओ कॉलवर ऐकवलं तेव्हा ती ऑफिसात सगळ्यांसमोर रडली. इम्तियाज म्हणाला, "ताई, मोजल्याशिवाय काही बोलू नका." मी म्हटलं, तुझी मोजपट्टी गेली खड्ड्यात. नऊ वर्षांनी मी नव्या गोष्टीचं पहिलं पान लिहायला घेतलं. शमीला समोर बसवून लिहायची. हात कसा सुटला होता म्हणून सांगू!

वाढदिवसाला आठ दिवस असताना आम्ही पुण्याला तपासणीला गेलो. तीच खुर्ची, तीच टोपी. मी नवी गोष्ट वाचली. शमीने छान मान डोलावली आणि शेवटी हुंबा सांगितला : दाढीत सुगरणीचं घरटं, हातात किल्ल्यांचा जुडगा, गुडघे उलटे.

मी इम्तियाजकडे वळले. तो माझ्याकडे बघत नव्हता. शमीची रेघ शब्दाला थरथरून खाली बसली होती, पहिल्या दिवशीसारखीच. उलट थरथर थोडी कमी झाली होती.

"तुझं यंत्र बिघडलंय," मी म्हटलं.

तो खुर्चीपाशी गेला आणि तिच्या उंचीला येऊन बसला. "शमी, हा सुगरणीवाला हुंबा कुठे दिसला तुला?"

"ट्रंकेत," शमी लगेच म्हणाली. "आज्जी दुपारी झोपली की मी एक काढून बघते. मग पाठ करते."

"चित्र पाठ करतेस?"

"चित्र कसं पाठ होईल? शब्द करते. दाढी, घरटं, किल्ल्या, गुडघे उलटे. मोठा असला की दोनदा म्हणावं लागतं."

त्या प्रत्येक हुंब्याला मी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलेलं होतं. करंज्यांचे कान बघून हसले असेन, कुलपाची किल्ली कुठे असते म्हणून विचारलं असेन. आणि इतक्या दिवसांत एकही मला ओळखू आला नाही, कारण मला ओळखायचा नव्हता.

"खोटं का सांगितलंस गं मला?" मी ओरडलेच.

शमी घाबरली नाही. ती टोपीच्या तारा सोडवत म्हणाली, "तू ओट्यापाशी रडत होतीस ना, म्हणून."

इम्तियाजने टोपी काढायला तिला मदत केली. मग तो तारा गुंडाळू लागला. मी विचारलं, आठ दिवस आहेत अजून, काही करता येईल? तो म्हणाला, "रेघ खाली चालली आहे, ताई. दार बहुतेक आधीच लागलं." खुर्ची आणायचं निमित्त करून तो खोलीबाहेर गेला.

केतकी आम्हाला न्यायला येणार होती. आम्ही दोघी संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. चार वाजले होते, ऊन पायाशी आलं होतं. तिच्यावर ओरडल्याची मला लाज वाटत होती. ती पाय हलवत होती.

"आज्जी, दिसतं म्हणजे नक्की काय होतं गं?"

शब्दांवर आयुष्य काढलेल्या बाईला हे सांगता यायला हवं. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबले. शेवटी म्हटलं, "मी डोळे मिटले की तुझे आजोबा मला दिसतात."

"फोटोतले?"

"नाही. फोटोतले गप्प उभे असतात. मला दिसतात ते ताक पिऊन मिश्या पुसत असतात."

"पण ते तर वारले."

"हो."

"तरी दिसतात?"

"तरी दिसतात."

तिने पाय हलवायचे थांबवले. "आणि आई? ती पण आत्ता इथे नाहीये."

"ती पण. हेल्मेट काढते आहे, कपाळावरचे केस फुंकर मारून उडवते आहे."

"आत्ता?"

"आत्ता."

शमीने डोळे गच्च मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मी तिच्याकडे बघत राहिले आणि त्या क्षणी मी हयातीत नाकारलेल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. तिने डोळे उघडले आणि फाटकाकडे बघितलं.

"म्हणजे तुझी माणसं गेली तरी पूर्ण जात नाहीत," ती म्हणाली.

"नाही, बाळा."

"माझी जातात." शाळेत उत्तर द्यावं तशा आवाजात ती सांगत होती. "आई ऑफिसला गेली की जाते. तिचं नाव असतं, नंबर असतो. ती नसते."

फाटकातून केतकीची स्कूटर आत आली. शमी बाकावरून उठली आणि सुसाट पळाली. स्कूटर नीट थांबायच्या आत तिने आईच्या कमरेला मिठी मारली आणि मान मागे टाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगं सोड, पडू की दोघी!" केतकी हसत म्हणाली आणि मला उद्देशून ओरडली, "आई, किती लाडावून ठेवलंस हिला!"

शमी सोडेना. केतकीच्या घरी रोज संध्याकाळी दारात हेच चालायचं. आई कामावरून आली की पोरगी अशीच चिकटायची आणि कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आम्ही सगळे त्याला लाड म्हणत होतो.